मंगळवारी चारची ट्रायल

हा शिंपी कापड कमी आणि थापा जास्त बेततो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण दिवा जरा इकडे सरकवा.

आमचं दोघा भावांचं दुकान. दादा कापतो, मी शिवतो. गिऱ्हाईक आटलं, म्हणून संगणकवाल्याला बोलावलं.

"काका, आता छोट्या धंद्यालाही एआय परवडतं. आलेले फोन घेईल, ट्रायलच्या वेळा देईल, मापं लक्षात ठेवेल. गिऱ्हाइकांना स्वतःहून फोनही करेल, पण त्याचे पैसे वेगळे."

"ते नको. स्वतःहून फोन करायला माझी बायको आहे. तिला थांबवणारं काही असेल तर सांग."

तीस वर्षांच्या मापवह्यांचे फोटो काढून यंत्राला दिले. तिथेच मी माती खाल्ली. गिऱ्हाईक वारलं की दादा पान फाडत नाही, खोडत नाही. नुसता वरचा कोपरा दुमडतो. फोटो नीट यावेत म्हणून मी ते सगळे कोपरे उलगडले. बोटानं दाबून, एकेक.

मंगळवारी पडद्यावर नोंद आली : चार वाजता ट्रायल, गणिताचे मास्तर.

मास्तरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"खुळं यंत्र!" मी हसलो. दादा हसला नाही.

चारला दुकानाचं दार उघडलं नाही. ट्रायल रूमचा पडदा मात्र आतून हलला, आणि ओल्या मातीचा वास सुटला. दादा टेप घेऊन आत गेला. "मास्तर, हात वर करा..." बाहेर आला तो पांढराफटक.

बुधवारी दोन नोंदी. गुरुवारी पाच. दादाचं जेवण सुटलं, पट्टा दोन भोकं आत गेला. मी संगणकवाल्याला धरलं. "तुझं यंत्र मेलेल्या माणसांना फोन करतंय!"

त्यानं बराच वेळ तपासलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, ती सोय तुम्ही घेतलीच नाही... हे फोन तिकडून आलेत."

यंत्र त्यानं उभ्या उभ्या पुसून टाकलं. मी फोनची वायर कापली, कोपरे पुन्हा दुमडले. म्हटलं, सुटलो.

आज चारला दादा तरीही उठला. मी त्याचा दंड धरला. "दादा, आत कोणी नाही."

"रांग लागलीय रे... सोड."

बाहेर आला तेव्हा दोन्ही हात बाजूला उचललेले, माप देणाऱ्या माणसासारखे. सदरा पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत टाचण्यांनी आवळलेला. एका सरळ रेघेत, जिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही. इतका तंग, की त्याला श्वास पुरत नव्हता.

मी पहिल्या टाचणीला हात घातला.

"काढू नकोस," दादा हळूच म्हणाला. "उद्यापर्यंत बरोबर बसेल... म्हणालेत."