धरलं काय?

दादाला जाऊन पंधरा दिवस झाले. परवा जेवणं झाल्यावर वसतिगृहाचे राखणदार ग्यानबाबा ओट्यावर बसले आणि पोरं त्यांच्याभोवती जमली. मी खांबाआड होतो. त्यांना दिसलो नाही.

"भूतबित आपन मानत नाही, हे पयले ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "पन हे माह्या वळखीच्या पोराचं हाये. तो एक दिवस मालेगावले नीळ आन् सरस आनाले गेलता..."

नाव घेतलं नाही. सगळ्यांना कळलं. चित्राच्या रंगासाठी नीळ मीच आणली होती.

माझा मोठा भाऊ देवमन या दगडी वसतिगृहाच्या भिंतीवर आमच्या लोकांची गोष्ट रंगवत होता. खाली, नदीतून डोक्यावर दगड आणून ही इमारत बांधणारी माणसं. वर, छपराखाली, छप्पन्न साली पांढरे कपडे घालून नागपूरला निघालेली माणसं. यंदा, चौऱ्याहत्तर सालच्या जयंतीला, चौदा एप्रिलला चित्र पुरं व्हायचं होतं.

शिडी बांबूची. वरच्या पायरीवर पाय टाकण्याआधी दादा विचारायचा, "धरलं काय?" मी म्हणायचो, "धरलं." मगच तो चढायचा. खाली कधी बघायचा नाही.

नऊ तारखेला मी चित्रातल्या एका म्हातारीचा पाय रंगवला. दादा पोरांसमोर हसला. "काहून रे गोविंदा, हा बाईचा पाय हाये का म्हशीचा खूर?"

पोरं खिदळत जेवायला गेली. मला राग आला. मी लिंबाखाली जाऊन बसलो आणि बिडी पेटवली.

वरून हाक आली. "धरलं काय?"

"धरलं," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

त्याने पाय टाकला.

माय येईल त्याला सांगते, "माह्या गोविंदानं धरून ठेवलं व्हतं, तरी गेला माहा देवमन." मी गप्प राहतो.

ग्यानबाबांचा आवाज बारीक झाला. "तेरा तारीख. शनवारची रात. बारा वाजून गेल्ते, अर्धा चंद्र नुकताच निघाला व्हता. पोरगा एकटाच भिंतीपाशी आला. शिडी लावेल व्हती. वर कोनी नाही..."

चित्रातल्या वरच्या माणसांना अजून तोंडं नव्हती. सकाळी जयंती. दादाचं काम पुरं करायचं म्हणून मी गेलो होतो. शिडीला हात लावणार, तोच...

"धरलं काय?"

दादाचाच आवाज. रोजच्यासारखा. रागावलेला नाही.

पळावंसं वाटलं.

"धरलं काय?"

"दादा... त्या दिवशी नव्हतं धरलं."

 

मी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. "आता धरलं."

पहिली पायरी करकरली. मग दुसरी. हातांवर ओझं आलं. माणसाएवढं. तिसरी...

मी वर बघितलं नाही.

"पहाटे म्या पाह्यलं," ग्यानबाबा सांगत होते. "शिडी धरून उभाच. हात सोलून निघाले व्हते. चित्र तसंच. तोंडं कोरीच."

"मंग भाऊ पडला तवाबी त्यानंच धरलं व्हतं ना?" हेमला नावाच्या सगळ्यात बारक्या पोराने विचारलं.

"व्हय. बिचारा धरूनच व्हता."

"नाही," मी खांबाआडून म्हणालो. "मी लिंबाखाली बिडी ओढून राह्यलो व्हतो. तिथूनच धरलं म्हनलं."

पोरांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"मायले सांगतलं?" ग्यानबाबांनी विचारलं.

"नाही."

"उद्या सांग. मी येतो संगं."

कंदील उचलून ते भिंतीकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. शिडी आता आडवी पडली आहे. हलकी आहे, हेमलासुद्धा एकटा उचलतो. आणि इथला मुरूम असा की उन्हाळ्यात कुदळ उडते.

ग्यानबाबांनी कंदील खाली धरला.

मुरमात शिडीच्या पायांचे दोन खड्डे होते. चार चार बोटं खोल.