ऐंशी क्लिक

रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टौरंगा शहरातल्या पोलिसांच्या फोनवर एका माणसाचा आवाज आला. तो इंग्रजीत बोलत होता, पण मध्येच मराठीत घसरत होता.

"मी माझ्या मित्राला मारलं. हरणावर गोळी झाडली होती. त्याला लागली."

डिटेक्टिव्ह सार्जंट द्रौपदी मेश्राम दोन तासांनी कायमाईच्या डोंगरात पोहोचली तेव्हा पाऊस लागलेला होता. नागपूर सोडून तिला बावीस वर्षं झाली होती, पण स्टेशनात मराठी कळणारी ती एकटीच. तिचा सहकारी हेमी वर मृतदेहापाशी थांबला. ती शिकाऱ्यांच्या लाकडी झोपडीत शिरली.

कोपऱ्यातल्या बाकावर शंतनू देवधर बसला होता. वय चौतीस, पेशा सॉफ्टवेअर, शिकारीची ही दुसरीच खेप. त्याच्या खांद्यावर हात ठेवून देवव्रत राजे उभा होता. पन्नाशीचा, उंच, पंधरा वर्षं या डोंगरांत शिकार केलेला. मेलेला गुरुनाथ पाटणकर हा किवीफळांच्या एका पॅकहाउसमध्ये सुरक्षा इंजिनियर होता. देवव्रत तिथलाच मॅनेजर.

"सकाळी काय झालं?" द्रौपदीने शंतनूला विचारलं.

"साडेसात वाजले होते. देवव्रतदादांनी मला डोंगराच्या धारेवर बसवलं. समोर दीडशे मीटरवर हरीण आलं. मी रायफलवरच्या स्कोपच्या दुर्बिणीतून नेम धरला, खांद्यामागे. गोळी झाडली. हरीण उडी मारून दरीत गेलं. मला वाटलं नेम चुकला."

"गुरुनाथ कुठे होते?"

"मला वाटलं, मागच्या बाजूला. पण तो हरणाच्याही पलीकडे होता, तीनशे मीटरवर, मानुकाच्या झुडपांत. जरासा उजवीकडे."

"किती गोळ्या झाडल्या?"

"एकच. आवाज मात्र दुहेरी वाटला. दादा म्हणाले, घळीत असा प्रतिध्वनी येतोच."

"तुम्ही कुठे होतात?" तिने देवव्रतकडे पाहिलं.

"याच्या डावीकडे, चाळीसेक मीटरवर. माझ्या रायफलमधून आज एकही गोळी सुटलेली नाही, मॅडम." त्याने उसासा टाकला. "काल ओढा ओलांडताना याची रायफल खडकावर आपटली. स्वस्तातला स्कोप. नेम हलला असणार. मी याला सांगितलं होतं, स्कोपमध्ये काटकसर करू नकोस."

शंतनूने मान आणखी खाली घातली.

"याची रायफल कुठे आहे?"

"इथे." देवव्रतने भिंतीकडे बोट दाखवलं. "याचे हात थरथरत होते. मीच रिकामी करून खाली आणली."

मंगळवारी शस्त्रतज्ज्ञाचा निकाल आला. शंतनूची रायफल शंभर मीटरवर ऐंशी सेंटिमीटर उजवीकडे मारत होती. म्हणजे तीनशे मीटरवर जवळजवळ अडीच मीटर. गुरुनाथ उभा होता तिथेच.

"झालं," हेमी म्हणाला. "निष्काळजीपणा. बिचारा."

द्रौपदीने कागद पुन्हा वाचला. "वरखाली किती चुकते?"

"अजिबात नाही."

"खडकावर आपटलेला स्कोप सरळ आडवाच सरकतो?"

हेमीने कागद आपल्याकडे ओढला.

त्या संध्याकाळी ती गुरुनाथच्या घरी गेली. त्याची बायको अनुराधा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. कुणीतरी आणून दिलेले जेवणाचे डबे न उघडता ओट्यावर रचलेले होते.

"शंतनूचा स्कोप कुणी निवडला?" द्रौपदीने विचारलं.

"गुरूने. तीन आठवडे दोघांचं तेच चाललं होतं." अनुराधाच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं आणि विझलं. "शंतनूकडे चारशे डॉलर होते. त्याला चोवीस पट मोठं दाखवणारा हवा होता. गुरू म्हणाला, या पैशात तसला घेतलास तर काच धुरकट आणि पेच ढिले मिळतील. जंगलात सहा पट पुष्कळ झालं. साधा घे, पण नेम धरून ठेवणारा घे, आणि उरलेले पैसे तो रायफलला घट्ट बसवणाऱ्या चांगल्या पकडींवर घाल. स्कोप आला त्या दिवशी गुरूने तो इथेच, कोमट पाण्याच्या बादलीत बुडवला. एक बुडबुडा आला नाही. मग रबरी हातोडीने ठोकला आणि नेमबाजीच्या रेंजवर नेऊन तपासला. हलला नाही."

"देवव्रत म्हणतात, त्यांनी स्वस्त स्कोप घेऊ नको म्हणून सांगितलं होतं."

"देवव्रत?" अनुराधाने मान वर केली. "त्यांनी तर पाहून शाबासकी दिली. या टेबलावर."

"त्या दोघांचं कसं होतं?"

अनुराधाने टेबलावरून हात फिरवला.

"अकरा वर्षांची मैत्री. पण मार्चमध्ये पॅकहाउसच्या शीतगृहात अमोनिया गळाला. दोन कामगार गेले. समोआचे होते, सख्खे भाऊ. झडप सहा महिने नादुरुस्त होती आणि तपासणीच्या कागदावर देवव्रतची सही होती, सगळं ठीक म्हणून. गुरूला ते सापडलं. या गुरुवारी चौकशीत त्याची साक्ष होती. देवव्रत म्हणाले, त्याआधी एकदा डोंगरात जाऊ, शांतपणे बोलू. मी म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, अगं, मित्र आहे माझा."

दुसऱ्या दिवशी द्रौपदी स्वतः शस्त्रतज्ज्ञाच्या टेबलाशी गेली. स्कोपच्या उजव्या अंगाला एक बटण होतं, वर स्क्रूसारखं झाकण. बटण फिरवलं की खटखट आवाज होत होता. एका क्लिकला शंभर मीटरवर गोळी एक सेंटिमीटर सरकते. तज्ज्ञाने तपासणीआधी झाकण उघडलं तेव्हाचा फोटो दाखवला. आत पाण्याचे थेंब होते.

"झाकणाला रबरी कडी आहे?"

"आहे, आणि शाबूत. बंद असताना पाणी जाणार नाही."

तिने मोजत बटण उलटं फिरवलं. ऐंशी क्लिक झाल्यावर ती थांबली. त्यांनी रेंजवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही बरोबर मध्यभागी.

तिने तिथूनच शंतनूला फोन लावला.

"रायफल शनिवारी आपटली, त्यानंतर तपासली होती?"

"हो. गुरुनाथने लगेच कागद लावून तीन गोळ्या झाडायला लावल्या. सगळ्या मधोमध. मी दादांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, नंतर हलला असेल."

"पाऊस कधी सुरू झाला?"

"रविवारी, आठच्या सुमाराला. त्याआधी सगळं कोरडं होतं."

"गोळी साडेसातला सुटली. नक्की?"

"हो. फोन लावायला रेंज मिळावी म्हणून आम्ही खाली उतरत होतो, तेव्हा पाऊस लागला."

"उतरताना रायफल कुणाच्या हातात होती?"



"दादांच्या."

गुरुवारी हेमी आपली कुत्री घेऊन पुन्हा डोंगरात गेला. ते हरीण दरीच्या तळाशी नेच्यांमध्ये सापडलं, मरून फुगलेलं. गोळी खांद्यामागून शिरून पलीकडच्या हाडात अडकली होती. द्रौपदी वर गुरुनाथ पडला होता त्या जागी उभी राहिली. आधीच्या पथकाने मागचा उतार शंतनूच्या जागेवरून रेषा धरून शोधला होता. तिने रेषा देवव्रतच्या जागेवरून धरली. धातुशोधक यंत्र पाचव्या मिनिटाला वाजलं.

शनिवारी देवव्रत राजे चौकशीच्या खोलीत आला तो शांत चेहऱ्याने. वकील शेजारी होता. त्याची रायफल दोन दिवसांपूर्वीच घरातून जप्त झाली होती.

"शंतनूला शिक्षा होईल का हो?" त्याने विचारलं. "मुलगा वाईट नाही."

"शंतनूची गोळी सापडली," द्रौपदी म्हणाली. "हरणाच्या अंगात."

देवव्रतची बोटं टेबलावर थांबली.

"त्याने एकच गोळी झाडली आणि ती नेम धरला तिथेच लागली. म्हणजे साडेसात वाजता त्याचा स्कोप अचूक होता. तो खडकाने बिघडला नव्हता, स्वस्त होता म्हणूनही बिघडला नव्हता. मग आमच्या हातात आला तेव्हा तो ऐंशी क्लिक का फिरलेला होता? ठोकर लागून बिघडलेला स्कोप कसाही वेडावाकडा जातो. हा पूर्ण आडवा गेला होता, गुरुनाथ होता तेवढाच. कुणीतरी अंतर मोजून, हिशेब करून फिरवला. झाकणाच्या आत पाणी होतं, म्हणजे तो पाऊस लागल्यावर उघडला. आणि पाऊस लागला तेव्हा रायफल तुमच्या हातात होती."

"मी फक्त..."

"शंतनूला धारेवर तुम्ही बसवलंत. गुरुनाथला समोरच्या उतारावर तुम्ही पाठवलंत. हरीण आलं नसतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली असती. शंतनूच्या गोळीबरोबर तुमचीही सुटली. तुमच्या रायफलला सायलेन्सर आहे, त्यामुळे त्याला नुसता दुहेरी आवाज आला, आणि प्रतिध्वनी हा शब्द तुम्ही त्याला दिलात. गुरुनाथच्या अंगातून आरपार गेलेली गोळी मागच्या मातीत होती. तिच्यावरच्या खुणा तुमच्या नळीच्या आहेत."

वकिलाने त्याच्या दंडाला हात लावला. देवव्रतने तो झटकला.

"मला तिकडे काहीतरी हललेलं दिसलं," तो म्हणाला. "मलाही हरीणच वाटलं."

"गुरुनाथच्या अंगात भडक नारिंगी जॅकेट होतं. नवख्या शंतनूचं लक्ष हरणावर होतं, त्याला दिसलं नाही. तुमच्याकडे अडीच हजार डॉलरचा स्कोप आहे. तुम्हाला काय दिसलं?"

देवव्रतने नजर टेबलाकडे वळवली. मग अगदी हळू म्हणाला, "त्याने माझ्याकडेच पाहिलं होतं."

दुपारी द्रौपदी शंतनूच्या फ्लॅटवर गेली. पडदे ओढलेले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शंतनू भिंतीला टेकून खाली बसला. तो आनंदला नाही. रडलाही नाही.

"गुरुनाथ लगेच गेला का?" त्याने विचारलं.

द्रौपदीला खोटं बोलता आलं असतं. "नाही. डॉक्टरांच्या मते वीस मिनिटं तरी जिवंत होता."

"किंकाळी ऐकून मी हाक मारत तिकडे धावणार होतो. दादांनी मला धरून ठेवलं. म्हणाले, तू बघू नकोस, मी जातो. ते गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत." त्याने गुडघे छातीशी ओढले. "मी बसून राहिलो. सांगितलं म्हणून."

द्रौपदी त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"अनुराधाला हे माहीत आहे?" त्याने विचारलं.

"सकाळीच सांगितलं."

सहा दिवसांत शंतनू अनुराधासमोर गेला नव्हता. बऱ्याच वेळाने तो उठला, तोंड धुतलं आणि गाडीची किल्ली घेतली. द्रौपदी आपल्या गाडीतून त्याच्या मागे गेली, पण रस्त्यावरच थांबली.

शंतनू अनुराधाच्या दारात उभा होता. बेल वाजवायला उचललेला हात त्याने दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा वाजवायच्या आधी दार आतूनच उघडलं.

अनुराधा त्याच्याकडे बघत राहिली.

"कधीपासून जेवला नाहीस?" तिने विचारलं आणि दारातून बाजूला झाली.