टाकीतलं पाणी

"हा नका घेऊ," तो म्हणाला.

मी छोट्या कंप्रेसरवर हात ठेवून उभी होते. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्या दुकानात विकणाराच नको म्हणत होता.

"का? मला परवडतोय."

"मारणार कशावर?"

"सागवानी दारांवर. इगतपुरीला आमचा पॉलिशचा गाळा आहे."

"मग अर्ध्या दारातच याची हवा संपेल. स्प्रे गन थुंकायला लागेल, पॉलिशवर दाणे उठतील." त्याने दोन एचपीचा कंप्रेसर पुढे ओढला आणि वर कप असलेली गन माझ्या हातात दिली. "धरून बघा... अशी नाही. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरळ न्यायचा."

माझं मनगट त्याने दोन बोटांनी सरळ केलं, लगेच सोडलं. शेखर त्याचं नाव. मग तो बराच वेळ बोलत होता — प्रेशर, टाकी, पाणी असं काहीतरी. मी नुसती मान डोलावत होते. आवाज छान होता, एवढंच मला कळलं.

"लक्षात राहील ना?"

"राहील की."

माझे बाबा, सावळीराम मिस्त्री, तीस वर्षं कापडाच्या बोळ्याने पॉलिश करत आले. आता खांदा वर जात नाही. ते गाळा भाड्याने द्यायला निघाले होते. मी भांडून एक दार मागून घेतलं. ते साधलं तर गाळा माझा.

मोठा कंप्रेसर घरी आणून तीन दिवस फळ्यांवर हात बसवला. चौथ्या दिवशी दार घेतलं. बाहेर इगतपुरीचा पाऊस, धार काही तुटत नव्हती. पहिला हात सुरेख बसला... आणि दहा मिनिटांत दार पांढरट पडलं, बारीक फोड आले. बाबा बघतच होते. मला रडू आवरेना. मी शेखरला फोन लावला.

दोन तासांनी तो चिंब भिजून आला. आल्या आल्या त्याने कंप्रेसरच्या टाकीखालचा छोटा नळ उघडला. तांबूस पाणी फरशीवर पसरलं.

"हवेतला ओलावा टाकीत साठतो, हेच गनमधून आलं," तो बाबांना म्हणाला. "काका, चूक माझी. हे रोज काढायचं, ते मी यांना सांगायला विसरलो."

"मंग पोरीची चूक नाय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला.

शेखर माझी नजर टाळत नळाशी उगाच चाळा करत होता. तो विसरला नव्हता; दुकानातलं ते टाकी, पाणी म्हणजे हेच होतं. मी गप्प राहिले असते तर गाळा माझा होता — पण मग बाबांच्या लेखी हा कायमचा कामात कच्चा. ते मला सहन होईना.

"बाबा, यांनी सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

"कुठं होतं?"



"यांच्याकडे."

बाबांनी एकदा दाराकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"घासून घे आन् उद्या परत मार," ते म्हणाले. "गाळा कुठं जात नाय." आणि चहा सांगायला आत गेले.

"चूक माझी, हे काही खोटं नव्हतं," शेखर हळूच म्हणाला. "तुमचं लक्ष नाही, ते मला तेव्हाच दिसलं होतं. परत सांगायला हवं होतं... पण म्हटलं, काही अडलं तर फोन तरी कराल."

मला राग यायला हवा होता. मी पॉलिश पेपरचा तुकडा फाडून त्याच्या हातात दिला.

"अख्खं दार तुम्हीच घासा," मी म्हणाले. "मी इथेच बसते, बघत."