मावशीचं माप

"कंबर किती?" दुकानातल्या काकूंनी विचारलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

आजारपणाला लागणाऱ्या वस्तूंचं ते छोटंसं दुकान. कुबड्या, गरम पाण्याच्या पिशव्या, आणि वरच्या फळीवर मोठ्या माणसांच्या डायपरचे पुडे. गर्दी नको म्हणून मी मुद्दाम भरदुपारी आले होते. वळून पाहिलं, तर एक उंच, किडकिडीत तरुण... डोळे असे, की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आलाय. मी घाबरून बोलून गेले, "मावशीसाठी हवेत."

मला मावशी नाही. आईला सगळे भाऊच.

"मावशी चालत्या-फिरत्या असतील तर हे न्या, चड्डीसारखे घालायचे," तो म्हणाला. त्याच्या वडिलांना लागतात म्हणून तो नेहमी येतो, हे त्याने कांदे-बटाटे घ्यावेत इतक्या सहज सांगितलं. "पण माप नीट घ्या हं. मोठं घेतलं की मांडीपाशी सैल राहतं, मग काय उपयोग?"

मी नाटक मंडळीचे कपडे शिवते. माप कसं घ्यायचं ते मला हा कोण टिकोजीराव शिकवणार? एक नंबर मोठंच द्या, मी काकूंना ठसक्यात सांगितलं, थोडी माया सोडलेली बरी. शिलाईत जादा कापड ठेवायची आमची सवय ती. तो हसला. छान हसला... मी पुडा पिशवीत कोंबला आणि तडक बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी तालमीला गेले, तर नवा विनोदी नट म्हणून तोच समोर.

आता खरं सांगते. मध्यंतरी मी रंगमंचाच्या पायऱ्यांवरून पडले, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून शिंक आली किंवा जोरात हसले की लघवी सुटते. फार नाही, पण सुटते. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिलेत, हळूहळू फरक पडेल म्हणतात, तोवर आतून काहीतरी घालायला हवं. ते मोठं माप घालून पाहिलं, आणि तो म्हणाला होता तेच झालं, कडेने ओल बाहेर आली. मग मी दुसराच उपाय धरला. हसायचंच नाही.

आणि गाठ पडली ती याच्याशी.

माप घेताना तो हात पसरून उभा राहायचा. खांदे जरा रुंद लिहा म्हणायचा, तेवढाच धीर येतो. मी दातांत टाचण्या धरून ठेवायचे, कारण टाचण्या धरलेल्या माणसाला हसता येत नाही. एकदा तो वाकून हळूच म्हणाला, "जेवायलाही टाचण्याच का?" मी तोंड फिरवलं... कान मात्र तापले. रोज न चुकता मावशीची चौकशी. मावशी बऱ्या आहेत ना, बाहेर पडतात ना, त्यांना घरात कोंडून घेऊ देऊ नका. घरी जाताना ते सगळं आठवून मी एकटीच गालात हसायचे. गालातल्या हसण्याला धोका नव्हता.

तालमीत मात्र सगळं बिनसत गेलं. मी पहिल्या रांगेत टाके घालत बसायचे आणि तो प्रत्येक विनोदाला माझ्याकडे बघायचा. माझा चेहरा दगडासारखा. दुसऱ्या दिवशी तो विनोद गायब. असं करत करत त्याने नाटकातली निम्मी गंमत छाटून टाकली, आणि दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. शेवटी एक दिवस तो कपडेपटात आला आणि भूमिका सोडतोय म्हणाला.

"का?"

"बाकी सगळे हसतात. पण तू..." पहिल्यांदाच तो तू म्हणाला. "तुला हसवण्यासाठीच तर मी इतका धडपडत होतो. तेच जमत नसेल तर... रोज तुझ्यासमोर तोंडावर पडणं सोसत नाही मला."

तो दाराकडे वळला. मी गप्प बसले असते तर तो गेलाच असता, आणि मला ते मुळीच नको होतं.

"मला मावशी नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हती."

तो थांबला. "मग इतके दिवस मी कुणाची चौकशी करत होतो?"

"माझी."

मग जमिनीकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. पडले ते, ऑपरेशन, ओल, टाचण्या. मान वर केली तेव्हा तो कपड्यांच्या पेटीवर बसला होता.

"म्हणजे... तुला हसू येत होतं?"

"पोट दुखेपर्यंत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, रडतोय की हसतोय ते कळेना. मग म्हणाला, मी सांगितलेलं माप ऐकलं असतंस तर. ऐकलं नाही, मी कबूल केलं. "शिंपिणीचा ताठा," तो म्हणाला, आणि माझं बोट हलकेच दाबलं.

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या टेपने स्वतःचं माप घेतलं, माया न सोडता. जगाची मापं घेणारी मी, स्वतःचं कधी धड घेतलंच नव्हतं. दुकानात जाऊन काकूंना स्पष्ट सांगितलं, माझ्यासाठी हवेत. त्यांनी एक नंबर लहान दिले, पातळ, मांडीपाशी नीट बसणारे. घरी घालून वाकले, स्टुलावर चढले, मुद्दाम खोकून पाहिलं. कडा कोरड्या राहिल्या.

पहिल्या प्रयोगाला त्याने सगळे विनोद परत आणले. मी विंगेत उभी होते. राजाचा झगा सावरता सावरता तो स्वतःच्याच पायात अडकला, आणि मला हसू फुटलं. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसताना जे व्हायचं ते झालं. कुणाला कळलं नाही. मला कळलं, आणि तरीही मी हसत राहिले.

टाळ्यांच्या गजरात तो विंगेत आला, घामाघूम.

"इतकी हसलीस... पुढचं वाक्यच विसरलो मी."

"मग काय, हसू नको?"

"हस की." तो जवळ आला, आवाज एकदम खाली गेला. "मला तू हवी आहेस. हसलीस तरी, नाही हसलीस तरी... हसलीस तर जरा जास्तच."

तेवढ्यात त्याच्या पुढच्या प्रवेशाची वेळ झाली. मी त्याची कॉलर सारखी केली, हात तिथेच क्षणभर राहू दिला.

"जा," मी म्हणाले. "मलाही तू हवा आहेस. आणि आता मी पोटभर हसणार आहे."