बारा वाजताचा श्रीकांत

"माझा नवरा श्रीकांत आषाढात गेला, अक्का," हेमलता म्हणाली. "पण दसऱ्याच्या आयुधपूजेपासून रोज दुपारी बाराला तो हुकूम सोडतो, 'पुसून टाक.' कॉम्प्युटरच्या नोंदीत नाव त्याचंच."

फत्तेसिंगानं हातातली कॉफी घाईनं खाली ठेवली. त्याची थोरली बहीण सोयराबाई मात्र ढिम्म. शोधकामात तिचे केस पिकले होते.

यशवंतपुरात हेमलताची लहानशी कंपनी होती. एका दवाखान्याचे एक्स-रे ती क्लाऊडवर सांभाळायची. दवाखान्याचा प्रोग्राम जुन्या क्लाऊडची भाषा बोले. फोटो होते नव्या क्लाऊडवर. मध्ये श्रीकांतनं बनवलेला, त्याच्या खोलीतल्या मशिनवर चालणारा दुभाषी प्रोग्राम. इकडचा हुकूम तो तिकडच्या भाषेत सांगायचा.

"श्रीकांतची चावी, म्हणजे त्याचा पासवर्ड, बंद करायला माझा हात धजला नाही. ती फक्त त्याच्या हाताखालच्या सुहासला ठाऊक आहे. संध्याकाळी त्याला पोलिसांत देणार."

सुहास रडकुंडीला आला होता. "मी नाही हो, अक्का! दवाखाना रोज बाराला जादा फोटो टाकून देतो. चुकून एखादा गेला, तर जुन्या क्लाऊडवरून महिनाभर परत मिळायचा. नवा जागच्या जागी पुसतो. म्हणून मे महिन्यात श्रीकांतअण्णांनी दुभाष्याला शिकवलं, टाकलेलं बाजूला ठेव. आता काहीच परत येत नाही."

"तुझा अण्णा माणूस कसा होता रे?"

"भारी सावध. चष्मे दोन, छत्र्या दोन. सगळ्याची जोड ठेवायचे."

मशिन्स सांभाळायला पुण्याहून आलेला अभिराज तोऱ्यात होता. "पूजेला सगळी मशिन्स बंद केली, मॅडम. दुसऱ्या दिवशी मीच बटणं दाबून ऑन केली."

"श्रीकांतच्या खोलीतलंही?"

"हो... म्हणजे, हो."

त्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्याच श्रीकांत गेला होता. कुणी तिकडे फिरकत नसे. आत शिरताच फत्तेसिंग बहिणीच्या मागे सरकला. कसली घरघर नाही, आवाज नाही. मशिनवर सुकलेली शेवंती, बटणावर कुंकवाचा तिरका टिळा.

"हा कुणी लावला?"

"मीच, पूजेला," हेमलता म्हणाली. "मशिन बंद केल्यावर."

"सरी, ठीक आहे," सोयराबाई म्हणाली. "सुहास, अभिराज, दोघांना बोलाव."

दोघं आले. सोयराबाईनं बटणाकडे बोट केलं. "अभिराज, बटण दाबलं असतंस तर टिळा फुटला असता. तू या खोलीला भ्यालास. यातला थोरला दुभाषी पूजेपासून झोपलाय."

"खुर्ची दिसली आणि मागे फिरलो, मॅडम," अभिराज पुटपुटला.

"मग बोलतंय कोण?" फत्तेसिंगानं विचारलं.

"जोड, फत्ते. ज्यानं छत्रीची जोड ठेवली, तो दुभाष्याची ठेवणार नाही? थोरला गप्प झाला की धाकट्यानं उठायचं. तो क्लाऊडवरच राहतो, श्रीकांतच्या चावीनं बोलतो. पण तो मे महिन्याआधीचा. बाजूला ठेवणं त्याला कुणी शिकवलंच नाही. दवाखाना 'टाक' म्हणतो, हा पुसतो."

"म्हणजे भूत नाही?"

"स्वल्प अक्कल वापर, फत्ते. हे बटण दाबलं की धाकटा गप्प होईल."

बाराला पाच कमी होते. अभिराज पुढे सरला, पण हेमलतानं त्याला हातानं अडवलं. तिनं सुकलेली शेवंती उचलून बाजूला ठेवली. मग तिनंच बटण दाबलं. टिळा फुटला. मशीन घरघरलं.

बारा वाजले. पडद्यावर हुकूम उमटले: 'बाजूला ठेव.' नाव कंपनीचं. श्रीकांत कुठेच नव्हता.

"सुहास, जेवून घे जा," हेमलता म्हणाली.

बोटाला लागलेलं कुंकू तिनं पुसलं नाही.