मिस वत्सलाची निवडक गाणी

सावली गावचा देवराव मेश्राम पंधरा वर्षं लग्नकार्यात भोंगा वाजवत आला होता. बायकांची गाणी सुरू झाली की तबकडीवरची सुई उचलायचा त्याला भारी कंटाळा. तो नुसता तबकडीचा आवाज बंद करी आणि माइक बायकांच्या हाती देई. खाली तबकडी मुक्यानं फिरत राही. एवढा आळस माणसाला माफ असावा.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं नागपूरहून नवी लाँगप्ले तबकडी आणली, 'मिस वत्सला : निवडक गाणी'. बाई जुन्या जमान्यातली, कधीच वारलेली. पण तिची पहिल्यापासून शेवटपर्यंतची गाजलेली दहा गाणी एकत्र, आणि प्रत्येकाचा गळा निराळा! लावणीत ठसका, अंगाईत मऊपणा, कव्वालीत चक्क पुरुषी खर्ज. गाणं संपलं की जुन्या रिवाजाप्रमाणे ती त्याच आवाजात आपलं नाव सांगे, "मिस वत्सला, मुंबई." एका बाईकडे इतके आवाज आले कुठून, याचं देवरावाला मोठं कौतुक.

त्याची सतरा वर्षांची लेक सत्यशीला त्याच तबकडीवरून गाणी बसवत होती. आकाशवाणीवरून तिला आवाजाच्या चाचणीचं बोलावणं आलं होतं. आवाज जरा घोगरा, पण देवरावाचा त्या आवाजावर जीव होता. माइकची सवय व्हावी म्हणून त्यानंच तिला तबकडी, माइक सगळं जोडून दिलं होतं.

वैशाखात वैनगंगेकाठच्या एका लग्नात रुखमाबाईनं माइकवर हळदीची गाणी म्हटली; खाली वत्सलाची तबकडी नेहमीसारखी मुक्यानं फिरत होती. किंचित फाटका, वाळल्या मोहफुलासारखा गोड आवाज. आसपासच्या गावांत तिला तोड नव्हती.

चार दिवसांनी भरदुपारी देवराव घरी तबकडी पुसून लावून बघत होता. दहावं गाणं संपलं, सुई थांबली नाही. अकरावं सुरू झालं. वेष्टनावर अकरावं गाणं नव्हतं.

हळदीचं गाणं होतं, इथल्याच बोलीतलं. संपल्यावर तो फाटका गोड आवाज म्हणाला, "मिस वत्सला, मुंबई."

देवरावानं सुई उचलली. त्यानं सायकल काढली आणि रुखमाबाईचं गाव गाठलं.

ती ओसरीवर धान पाखडत होती. त्याला पाहून हसली, तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. सून कमळा बाहेर आली.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून असंच हाय, भाऊ. डाक्टर म्हणते, घसा साफ हाय."

"दुखते का, बाई?"

रुखमाबाईनं मान हलवली, नाही. मग तिनं देवरावाचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत गोल गोल फिरवलं.

परतीच्या वाटेवर त्याला ऊन लागलं नाही, तहान लागली नाही. सत्यशीला रोज माइकसमोर गात होती, आणि खाली तबकडी फिरत होती.

घरात सामसूम. सत्यशीला माइक हातात धरून बसलेली. तबकडी फिरत होती, आवाज बंद होता.

"गाऊन राह्यली होती काय?"

तिनं मान डोलावली.

"बोल ना बाई! बाबा म्हण मले."

तिनं माइक खाली ठेवला.

"काऊन घाबरून राह्यले, बाबा?"

तिचाच आवाज. घोगरा. देवराव मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग उठून त्यानं तबकडी दगडावर आपटली. ती वाकली, मोडली नाही. शेवटी चुलीत घातली. काळा धूर घरभर झाला. बायको अंजनाबाई ओरडली, "चूल कायले खराब करून राह्यले?" तबकडीचं डांबर होईपर्यंत देवराव तिथंच बसला.

सकाळी अंजनाबाई शेतावर गेली. देवराव अंगणात बाजेवर होता. किती दिवसांनी निवांत वाटत होतं.

"बाबा, चहा थंडा होऊन राह्यला," आतून हाक आली.

आवाज सुरेख होता. स्वच्छ, कुठं ओरखडा नाही.

देवराव उठला नाही.

"बाबा, येता ना?"

हा आवाज निराळा होता.

घरात सत्यशीलेशिवाय कोणी नव्हतं. तिसरी हाक पुरुषी खर्जात आली, मग चौथी, फाटक्या गोड आवाजात. देवराव दाराकडे बघत, आपल्या लेकीच्या आवाजाची वाट पाहत राहिला.