खरवडलेला ओंडका

"ते पातं खाली ठेवा."

साइमी माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. मी मान वर केली. मे महिना होता. तळ्यावरून बारीक पाऊस येत होता आणि समोर चिखलात रबरी बूट घातलेली एक मुलगी उभी होती. केस ओले, नाकाचा शेंडा लाल. डोळे असे, की मी खरंच पातं खाली ठेवलं.

"काय झालं?"

"तुम्ही माझ्या आजीचं आयुष्य खरवडताय."

मी ज्या ओंडक्यावर बसलो होतो, तो लाहती नावाच्या फिन कुटुंबाच्या जुन्या घराचा होता. लोखंडाच्या खाणीचा खड्डा त्यांच्या शेतापर्यंत आला होता, आणि ओंडक्यांचं ते एका खोलीचं घर त्यात जाणार होतं. आमच्या गावात त्याच्याहून जुनं काही उरलं नव्हतं. म्हणून बोर्गहिल्ड आत्यानं कमिटी काढली. घर उचलून तळ्याकाठी आणायचं, म्हणजे गावाला कॉफीला, विणकामाला, चार माणसं जमायला जागा होईल. आत्या कमिटीची अध्यक्ष आणि मी तिचा सुतार भाचा, सिगुर्द. मी प्रत्येक ओंडक्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकला, घर उतरवलं, ट्रकनं आणलं. ओंडके आतल्या बाजूनं काळेकुट्ट होते. मला वाटलं, कधीतरी आग लागली असणार. आत्या म्हणाली, "साफ कर. लोक पांढरे कपडे घालून बसतील तिथं."

"आगीचं काळं आहे ते," मी म्हणालो.

"सौनाचं आहे," मुलगी म्हणाली. "वाफेच्या अंघोळीची खोली आहे ही. धुराडं नसलेली. धूर आतच फिरतो, मग भिंती काळ्या होणार नाहीत तर काय?"

"पण तुमच्या आजीनं आत्याला सांगितलं, की हे त्यांचं पहिलं घर."

"होतंच. आमच्यात आधी सौना बांधतात. तिच्यात राहतात, आणि मग सवडीनं घर. माझे बाबा इथं जन्मले. आजोबा गेले तेव्हा त्यांना इथंच अंघोळ घातली."

"मग हे आजींनी का नाही सांगितलं?"

"तुमच्या आत्यानं विचारलं नाही."

"न विचारता सांगता येत नाही?"

"आम्ही फिन लोक. घराला आग लागली तरी कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही."

ती हसली नाही. पण नाकाचा शेंडा जरा हलला.

"किती खरवडले?" तिनं विचारलं.

"एकच."

तिनं त्या ओंडक्यावर तळवा ठेवला. "गोरा झालाय… तुमच्यासारखा."

"नॉर्वेची माणसं आम्ही. कशीही धुतली तरी अशीच निघतो."

आता मात्र ती हसली. लगेच गंभीरही झाली. "मुम्मूला एकदा अजून त्या खोलीत बसायचंय. मुम्मू म्हणजे माझी आजी. बाकी काही मागत नाही ती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिचे गुडघे चालतील असं मला वाटत नाही."

"आत्यानं लोखंडी शेगडी मागवलीय," मी म्हणालो. "पडदेही शिवायला टाकलेत."

"म्हणजे तुम्ही आत्याला घाबरता."

"सगळं गाव घाबरतं."

"बरं. मी उद्या येते. दगड आणायला ट्रक लागेल."

"कसले दगड?"

ती केव्हाच वळली होती. पावसात तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. मग ते पातं फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलं.

दगड सौनाच्या चुलीचे होते. शेतावर पडलेला तो ढीग मी कचरा समजून सोडून आलो होतो. आम्ही तो ट्रकमध्ये भरला. साइमी डुलुथ शहरातल्या ग्रंथालयात नोकरी करायची. मुम्मूजवळ राहायला रजा काढून आली होती, आणि जूनमधल्या योहान्नुसच्या सणानंतर परत जाणार होती. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. ते ऐकून मी एक दगड पायावर पाडून घेतला.

"दुखलं?"

"नाही."

"खोटं बोलायला नॉर्वेवाल्यांना विचारावंही लागत नाही," ती म्हणाली.

मी ओंडके चढवायचो, ती फटींत शेवाळ ठासायची. दुपारी मुम्मूनं दिलेला वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून खायचो. वेलदोड्याचा वास तिच्या बोटांनाही यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं होतं, असं तिनं पुढं खूप वर्षांनी सांगितलं. तेही मी विचारल्यावर.

एकदा तिनं दगडांवर पाणी कसं टाकायचं ते दाखवलं. लाकडी ओगराळं हातात धरून म्हणाली, "सगळ्यांची अंघोळ झाली, की शेवटचं एक ओगराळं टाकून निघायचं."

"कुणासाठी?"

"जो सौना सांभाळतो त्याच्यासाठी. तो दिसत नाही. आपण गेल्यावर येऊन बसतो."

"आणि नाही टाकलं तर?"

"नाही टाकलं तर… त्याला वाटेल, आपल्याला विसरले."

आत्या आली तेव्हा छप्पर चढत होतं. तिनं आत डोकावलं आणि तशीच बाहेर आली.

"सिगुर्द, हे काय?"

"चूल, आत्या."

"धुराडं कुठाय?"

"नाहीये."

"भिंती का काळ्या अजून?"

"त्या तशाच असतात."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शिडीवरच्या साइमीकडे पाहिलं. "तू वेडा झालायस की प्रेमात पडलायस?"

शिडीवरून शेवाळाचा एक गठ्ठा खाली पडला.

"योहान्नुसला लोक येतील," आत्या म्हणाली. "त्याआधी हे दगड बाहेर आणि भिंती साफ. नाहीतर मी दुसरा सुतार बघते."

ती गेल्यावर साइमी खाली उतरली. "दुसरा सुतार आला की तो खरवडणार."

"हो."

"मग?"

मला खरंच काही सुचत नव्हतं. तेच मी सांगितलं. ती म्हणाली, "निदान खरं बोललास." आणि घरी निघून गेली.

त्या संध्याकाळी मुम्मू काठी टेकत बोर्गहिल्ड आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली. दोघी याच गावात म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण एकमेकींच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. मुम्मू एवढंच म्हणाली, "शनिवारी ये. टॉवेल आण." आणि परत फिरली. सौनाचं बोलावणं आमच्या मुलखात कुणी मोडत नाही, मग तो नॉर्वेचा का असेना.

शनिवारी सकाळपासून आम्ही बर्चच्या झाडाची लाकडं जाळली. विस्तव विझल्यावर धूर बाहेर सोडला. दगड इतके तापले होते, की दारातूनच चेहरा भाजत होता. दुपारनंतर मुम्मू, आत्या आणि साइमी आत गेल्या. मी बाहेर लाकडं फोडत बसलो. लाकडांची गरज नव्हती.

आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग पाण्याचा चर्र आवाज आला आणि आत्याची किंकाळी. पुन्हा शांतता. मग कुणीतरी हसलं, पोटातून, थांबता थांबेना असं. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. ती आत्या होती. काका गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

नंतर ती टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली, बीटासारखी लाल. साइमीनं तिला कॉफी दिली.

"सिगुर्द."

"हो, आत्या."

"पडदे नकोत."

"का?"

"काळे होतील," ती म्हणाली आणि कॉफी प्यायली. "शनिवारी अंघोळी, बाकीचे दिवस कॉफी. ज्यांना पांढरे कपडे घालायचेत त्यांनी घरी बसावं."

मुम्मू सावकाश बाहेर आली. तिचा हात धरायला मी पुढं झालो, तर तिनंच माझं मनगट धरलं. "खिडकीजवळचा ओंडका. तो कुणी धुतला?"

"मी."

मुम्मूनं जरा विचार केला. "होईल काळा. शनिवार पुष्कळ आहेत."

ती माझ्याशी त्याहून जास्त कधी बोलली नाही.

त्या दोघी गेल्यावर साइमी आत जाऊन शेवटचं ओगराळं टाकून आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. केसांना बर्चच्या पानांचा वास होता; अंघोळीत त्यांच्या जुड्या अंगावर मारतात. तळं स्वच्छ होतं. उन्हाळ्यातला आमचा दिवस मावळायचं नाव घेत नाही.

"उद्या योहान्नुस. सोमवारी जायचंय," ती म्हणाली.

मी तोंडात शब्द जुळवले. ते मोडले. पुन्हा जुळवले.

"तळ्याच्या पलीकडं… माझ्या वडिलांची थोडी जमीन आहे."

"हं."

"तिथं बांधावं म्हणतो."

"घर?"

"घर नंतर." मी हाताकडे पाहत होतो. नखांत काजळी होती. "आधी सौना."

एक बदक पोहत या काठावरून त्या काठाला गेलं. मला वाटलं, संपलं. मग तिनं तिची काजळीची बोटं माझ्या बोटांत अडकवली.

"दार तळ्याकडं ठेव," ती म्हणाली.

एवढंच. मी विचारलं होतं, तिनं सांगितलं.

आम्ही सौना बांधली, तिच्यात दोन हिवाळे काढले, मग घर बांधलं. मुम्मूला तळ्याकाठच्या खोलीत एक नाही, बरेच शनिवार मिळाले. साइमी डुलुथला गेली ती फक्त सामान आणायला.

गेल्या पानगळीत साइमी वारली. तिच्या बहिणींनी तिला तळ्याकाठच्या त्या जुन्या खोलीतच अंघोळ घातली. मी पाणी तापवून दिलं.

गाव अजून तिथं जमतं. मंगळवारी विणकाम, शाळा सुटल्यावर पोरं, शनिवारी सगळे. शनिवारचा विस्तव मीच पेटवतो. लोक निघून गेले, की मी जरा मागं राहतो. आता खिडकीजवळचा ओंडका बाकीच्यांसारखाच काळा झालाय. नवीन माणसाला ओळखू येणार नाही. मला हातानं कळतो. पातं जिथं फिरलं तिथं तो थोडा गुळगुळीत आहे.

त्याला पाठ टेकून मी बसतो. मग शेवटचं ओगराळं टाकतो, आणि तिच्यासाठी जागा ठेवून निघतो.